चौथऱ्यावरून खाली

सिरुसेरीत संग्रहालय नाही. चेन्नईच्या दक्षिण टोकाला ओएमआर, म्हणजे जुन्या महाबलिपुरम रस्त्यालगत, सिपकॉट या राज्य सरकारच्या औद्योगिक महामंडळाचं आयटी पार्क आहे. त्यात उरुग्वेचे वास्तुरचनाकार कार्लोस ओट यांच्या आराखड्यावर उभी राहिलेली, पंख पसरलेल्या फुलपाखरासारखी टीसीएसची इमारत आहे. पाळी संपवून कंपनीच्या बसकडे निघालेल्या गर्दीत तमिळबरोबर मराठी, तेलुगू, बंगाली सगळं कानावर पडतं. या गर्दीतल्या कोणाचं संग्रहालयावाचून अडलं असेल असं वाटत नाही. पण प्रस्तुत लेखकाचा धंदाच संग्रहालयांच्या मांडणीचा. त्यामुळे रिकाम्या वेळात तो या रस्त्यासाठी सार्वजनिक कलेच्या संग्रहालयाचा आराखडा कागदावर ओढत बसतो. काम कोणी दिलेलं नाही, पैसे देणारं तर कोणीच नाही.

जागा मात्र वाईट नाही. याच रस्त्याने उत्तरेला गेलं की तोरैपाक्कमजवळ कन्नगी नगर लागतं. शहरातल्या झोपडपट्ट्या उठवून इथे आणलेल्या कुटुंबांची ही 15,000 हून अधिक घरांची वसाहत. 2020 मध्ये स्टार्ट इंडिया फाउंडेशनने महापालिकेला बरोबर घेऊन तिच्या इमारतींच्या बाजूच्या आंधळ्या भिंतींवर प्रचंड चित्रं रंगवून घेतली. दक्षिणेला गेलं की महाबलिपुरम. तिथे सातव्या शतकात कोरलेला अर्जुनाच्या तपश्चर्येचा कातळ अगदी रस्त्याच्या कडेला उभा आहे, समोरून रिक्षा जातात. दोन्हींत तेराशे वर्षांचं अंतर असलं तरी एक गोष्ट सारखी आहे: दार नाही, आणि बघणारा मुद्दाम बघायलाच आलेला असेल असंही नाही.

मग संग्रहालयात ठेवायचं काय? भिंत उचलून आणायची?

तसं करून झालेलं आहे. 2016 मध्ये इटलीतल्या बोलोन्यात रस्त्यावरच्या कलेचं मोठं प्रदर्शन भरलं आणि त्यासाठी शहरातल्या भिंतींवरून काही चित्रं सोलून आत नेली. त्यातली काही ब्लू या नावाने काम करणाऱ्या चित्रकाराची होती. प्रदर्शन उघडायच्या आधीच त्याने साथीदारांना घेऊन बोलोन्यातली आपली वीसेक वर्षांची उरलेली सगळी चित्रं करड्या रंगाने पुसून टाकली. आराखडा काढणाऱ्याने ही करडी भिंत डोळ्यांसमोर ठेवून कामाला बसावं. बर्लिनच्या अर्बन नेशन या 2017 मध्ये उघडलेल्या संग्रहालयाने जरा शहाणपणाची वाट काढली. इमारतीची दर्शनी बाजूच सुट्या फळ्यांची केली. चित्रकाराने त्यावर बाहेर उभं राहून रंगवायचं, मुदत संपली की फळ्या उतरवून आत ठेवायच्या. युक्ती चांगली आहे. पण फळीवर रंगवलेलं चित्र फळीचंच राहतं, त्याला शेजारच्या खिडकीतली वाळत घातलेली चादर मिळत नाही.

गंमत म्हणजे सार्वजनिक कलेची संग्रहालयं आपल्याकडे आहेत. ती कोणी ठरवून केली नाहीत, इतकंच. त्यातलं सर्वांत चांगलं मुंबईत, राणीच्या बागेत, डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाच्या आवारात आहे. रस्त्यावर नकोशा झालेल्या पुतळ्यांचं हे पांजरपोळ. व्हिक्टोरिया राणीचा बसलेला संगमरवरी पुतळा इथेच आहे. बडोद्याच्या खंडेराव गायकवाडांच्या देणगीतून मॅथ्यू नोबल या इंग्रज शिल्पकाराने केलेला, 1872 पासून एस्प्लनेडवर विराजमान झालेला. 1896 मध्ये दामोदर चापेकरांनी त्याला डांबर फासलं आणि खेटरांची माळ घातली. ते डांबर काही केल्या निघेना. शेवटी ते काढलं बडोद्यात नाव कमावलेल्या त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर या रसायनशास्त्रज्ञाने. देणगी बडोद्याची, डांबर पुण्याचं, सफाई पुन्हा बडोद्याची! या एका पुतळ्यावर संग्रहालयाचं एक अख्खं दालन मांडता येईल, आणि त्यात पुतळ्याचा शिल्पकार तिसऱ्या-चौथ्या क्रमांकाचं पात्र ठरेल.

1965 च्या सुमारास हे पुतळे रस्त्यावरून हलले. सर अल्बर्ट ससून यांनी दिलेला, जोसेफ एडगर बोएम याने 1879 मध्ये केलेला सातव्या एडवर्डचा अश्वारूढ पुतळा, म्हणजे मूळ काळा घोडा, तोही राणीच्या बागेत आला. चौकातला घोडा गेला तरी चौकाने त्याचं नाव सोडलं नाही, आणि 2017 मध्ये तिथे नवा घोडा बसवताना वर स्वार ठेवलाच नाही. संग्रहालयाच्या दाराशी घारापुरीचा दगडी हत्ती आहे, तो याच्याही आधीचा पाहुणा. 1864 मध्ये इंग्लंडला न्यायला उचलताना क्रेन मोडली, हत्तीचे तुकडे झाले, ते इकडे आणून 1914 मध्ये जोडून उभे केले.

या आवारात हिंडताना धंद्याची नजर अडकते ती एकाच गोष्टीवर: उंची. उंच चौथऱ्यासाठी पुतळा घडवणारा शिल्पकार खालून बघणाऱ्याचा हिशोब करतो. खालून बघताना वरचा भाग आखूड दिसणार, म्हणून डोकं नि खांदे किंचित थोराड ठेवतो, डोळ्यांच्या खाचा नि वस्त्रांच्या चुण्या जास्त खोल कोरतो. तोच पुतळा जमिनीवर आला की जवळून डोकं मोठं वाटतं, चेहरा उग्र दिसतो. राणीच्या डोक्यावरची नक्षीदार संगमरवरी छत्री तर इथे नाहीच. त्यामुळे सम्राज्ञी कोणाची तरी वाट बघत बसलेल्या वयस्क बाईसारखी दिसते. हे चुकीचं बघणं आहे असं मात्र नाही. रस्त्यावर ती अशी कधीच दिसली नसती.

तेव्हा सिरुसेरीच्या आराखड्यात पहिलं ठरलं ते हे, की प्रत्येक पुतळा दोन उंचींवरून दिसला पाहिजे. सोपा उपाय म्हणजे अंगण खोल घ्यायचं आणि बघणाऱ्याला खाली उतरवायचं. पण ईशान्य मोसमी पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत या किनाऱ्याला झोडपतो आणि 2015 च्या पुरात हा सगळा पट्टा पाण्यात होता. इथे खड्डा म्हणजे तळंच. म्हणून उलट केलं. पुतळा चौथऱ्यावरच ठेवायचा आणि भोवतीने उतार चढवत न्यायचा. चाकाच्या खुर्चीला चालेल असा उतार म्हणजे बारा फुटांना एक फूट. तीन मीटर चढायला छत्तीस मीटर चाल, मधले थांबे वेगळे. चालता चालता आधी बूट दिसणार, मग हातातली गुंडाळी, मग हनुवटी. नगरसेवक हार घालायला शिडीवर चढतो तेव्हा त्याला जे दिसतं, ते इथे सर्वांना दिसेल.

पुतळे मिळणार कुठून, असं विचारलं जातं. चेन्नईत टंचाई नाही. 1857 मध्ये उत्तरेत क्रौर्य गाजवणाऱ्या जनरल नीलचा पुतळा माउंट रोडवर होता. त्याविरुद्ध 1927 मध्ये सत्याग्रह झाला, आणि 1937 मध्ये राजाजींचं मंत्रिमंडळ आल्यावर तो एग्मोरच्या सरकारी संग्रहालयात गेला. तमिळ महाकाव्याची नायिका कन्नगी हिचा पुतळा 1968 च्या जागतिक तमिळ परिषदेच्या वेळी मरिनावर बसला, डिसेंबर 2001 मध्ये हटवला गेला, तोही संग्रहालयात जाऊन राहिला आणि 2006 मध्ये सरकार बदलल्यावर समुद्रकिनारी परतला. दोघांचा मुक्काम एकाच ठिकाणी, पण एक कायमचा आत आणि एक रजेवर. या ये-जा करण्याच्या नोंदी, मोर्चांची पत्रकं, हलवण्याचे हुकूम, क्रेनचं बिल ही खरी संग्रहालयाची मालमत्ता. लेखकाच्या मते पुतळ्यापेक्षा त्याची फाइल जास्त बोलकी असते.

मरिनावर देबी प्रसाद रायचौधुरी यांचं ‘श्रमाचा विजय’ हे शिल्प आहे, 1959 चं. अवजड शिळा हलवणारे चार मजूर. तेच शिल्प दिल्लीत राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयाच्या हिरवळीवरही आहे. दिल्लीतलं लोक बघतात. मरिनावरचं वापरतात: 1 मेला संघटना तिथे जमतात, एरवी कठड्यावर बसून लोक भेळेसारखं सुंडल खातात. कलेचा दर्जा दोन्हीकडे तोच. आराखडा काढताना हा फरक भिंतीवर तक्ता लावून सांगता येत नाही. फार तर दाराशी नकाशा द्यायचा आणि मरिनाची बस कुठे मिळते ते लिहायचं.

आत दाखवण्यासारखं खरोखर काय असेल, तर रस्त्यावर जे कधीच दिसत नाही ते: पुतळ्याच्या पोटातलं. वि. पां. करमरकरांचा पुण्यातला शिवाजी महाराजांचा अश्वारूढ पुतळा 1928 चा, मुंबईत माझगावच्या गोदीत ओतलेला. तो बघायला पुण्याला जावं. पण करमरकरांचा हात कळायला अलिबागजवळ सासवण्याला, त्यांच्या घराच्या संग्रहालयात जावं लागतं. तिथे गावातली माणसं नि गुरं सिमेंटात घडवलेली आहेत. गेटवेसमोरचा 1961 चा शिवाजी महाराजांचा पुतळा करणारे भाऊ साठे यांचं डोंबिवलीचं शिल्पालयही याच जातीचं. मातीचा नमुना, त्यावरून प्लास्टरचा साचा, मेण, ओतकाम, आणि या सगळ्याच्या आत लोखंडी सांगाडा.

सांगाड्याचं दालन का हवं, हे महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको. मालवणच्या राजकोट किल्ल्यावरचा शिवाजी महाराजांचा 35 फुटी पुतळा 4 डिसेंबर 2023 रोजी उभा राहिला आणि 26 ऑगस्ट 2024 रोजी कोसळला. कला संचालनालयाने मंजूर केलेला मातीचा नमुना सहा फुटांचा होता, असं त्यानंतर संचालकांनी सांगितलं. नमुना सहापट मोठा केला की वजन सहापट होत नाही. भरीव असेल तर दोनशे सोळा पट होतं. पोकळ ओतकामात जाडी मर्यादित ठेवली तरी वजन पृष्ठभागाच्या हिशोबाने छत्तीस पटींच्या घरात जातंच, शिवाय समुद्राचा वारा नटबोल्टांना खातो तो वेगळा. शाळकरी मुलाने हाताने ढकलून बघावेत असे लहान-मोठे दोन सांगाडे शेजारी शेजारी ठेवले, तर शंभर ओळींचा फलक वाचतो.

हात लावू द्यायचा, हे बर्लिनकडून उचललेलं. तिथल्या श्पांडाऊ किल्ल्यात 2016 पासून शहराने नाकारलेले पुतळे हात लावता येईल असे मांडले आहेत. 1991 मध्ये उतरवून जंगलात पुरलेलं लेनिनचं साडेतीन टनी ग्रॅनाइटचं डोकं उकरून तिथे आणलं, आणि जसं सापडलं तसं कानावर आडवं ठेवलं. त्याला उभं करण्याचा मोह कोणीतरी आवरला, याबद्दल त्या मांडणीकाराला दंडवत. आपल्यासाठी धडा जमिनीचा: संग्रहालयाचा साधा स्लॅब चौरस मीटरला 400 किलोच्या हिशोबाने बांधतात, त्यावर असलं डोकं ठेवता येणार नाही. म्हणजे जड सगळं तळमजल्यावर, थेट भरावावर. दार ट्रेलर मागे घेता येईल इतकं रुंद, आणि वळणावर झाड नको.

रंगाची गोष्ट निराळी. कन्नगी नगरच्या भिंतींवर ऊन, खारा वारा आणि वरच्या मजल्याच्या गळक्या पाइपचं पाणी एकदम काम करतात. प्लास्टरला लोणा धरला की रंगाचे पोपडे नाकाडोळ्यांवरूनच सुटायला लागतात. तेव्हा चित्र पुन्हा रंगवायचं की जाऊ द्यायचं, आणि हे कोणी ठरवायचं: चित्रकाराने, पालिकेने, की त्या भिंतीआड राहणाऱ्या बाईने? लेखकाचं मत बाईच्या बाजूने आहे. आराखड्यात यासाठी पश्चिमेची एक उघडी भिंत ठेवली आहे. तिच्यावर तळहाताएवढे रंगाचे चौकोन, प्रत्येकाखाली रंगवल्याची तारीख, आणि वर छप्पर नाही. भडक लाल आणि पिवळा आधी फिके पडतात, आयर्न ऑक्साइडचा गेरू टिकून राहतो. चित्रकारांनी इथे येऊन रंग निवडावेत.

माधवरमहून सिरुसेरी सिपकॉटपर्यंत सुमारे 45 किलोमीटरचा मेट्रो मार्ग आखलेला आहे. स्टॉकहोममध्ये 1957 पासून मेट्रोची स्थानकं चित्रकारांच्या हाती देत गेले, आज तिथल्या शंभरातल्या नव्वदाहून अधिक स्थानकांत कलाकृती आहेत. इथे निदान शेवटच्या स्थानकातून संग्रहालयाच्या अंगणात सरळ चालत येता यावं, म्हणून तिकीटखिडकी अंगणाच्या आत, दालनांच्या तोंडाशी सरकवली आहे. अंगण फुकट. कुंपणाच्या जागी गुडघाभर उंचीचा बसता येण्याजोगा कट्टा. वेळ दहा ते पाच ठेवली तर सिरुसेरीतल्या कोणालाच यायला जमणार नाही, म्हणून अंगण पहाटे पाचपासून रात्री अकरापर्यंत उघडं धरलं आहे, रात्रपाळीवाल्यांसाठी एक चहाची टपरी धरून. दिवे बसतात, टपरी बसते. रखवालदारांच्या पाळ्यांचा खर्च अंदाजपत्रकात अजून बसत नाही.