वांगणीची विहीर

प्रयोगवहीइतके सोज्वळ वाङ्मय मराठी मुलुखात दुसरे नसेल. तीत गुरुत्वाचे उत्तर ९८० च्या आसपास येते, आलेखावरचे ठिपके रेषेवर शिस्तीत बसतात आणि ‘चुकांची कारणे’ या सदरात वाऱ्याची झुळूक वर्षानुवर्षे निमूटपणे आळ सोसते. पदार्थविज्ञानाच्या ज्या विभागात माझी नोकरी झाली, तिथे या वह्या थोरल्यांकडून धाकट्यांकडे वारसाहक्काने जात. उत्तर आधी, मोजणी मागाहून!

जव्हारकडच्या वांगणीचा एक मुलगा वर्गात होता. त्याने विचारले, “सर, आमच्याकडे एवढा पाऊस, मग होळीला विहीर का आटते?” मी सांगितले, पाऊस १०० इंचांवर पडतो खरा, पण खाली काळा कातळ, पाणी राहते ते भेगांत आणि झिजल्या थरात, बाकीचे उतारावरून दरीत. त्याचे समाधान होईना. किती दिवसांत किती उतरते? म्हटले, मोज.

सुतळी, तिला दगड, विती-वितीवर गाठ. हा वसतिगृहात, म्हणून दर रविवारी धाकटी बहीण मोजी. आलेख आला तो वाकडा: दिवाळीनंतर झरझर खाली, पुढे मंद. माघातला एक ठिपका मात्र भलताच खाली. मुलाने सवयीने खोडरबर काढले. मी म्हटले, आधी बहिणीला विचार. त्या आठवड्यात गावात लग्न होते! त्या दुपारी ‘चूक’ या विषयावर आम्ही जेवढे बोललो, तेवढे मी पुस्तकातून कधी शिकवले नसेल.

वर्षाकाठी एक प्रयोग मुलांच्या स्वतःच्या प्रश्नावर असावा, असे मी बैठकीत सुचवले. उत्तरच ठाऊक नसेल तर परीक्षक गुण कसे देणार, अशी शंका निघाली. शंका रास्त होती. मी म्हटले, मोजणी किती वेळा केली, न जुळणाऱ्या ठिपक्याचे काय केले, यावर द्यावेत. विषय पुढील बैठकीवर गेला.

१९७२ साली होशंगाबादकडच्या १६ शाळांत मुलांनी स्वतः प्रयोग करून शिकण्याचा उपक्रम सुरू झाला. दिल्ली विद्यापीठातले प्राध्यापक तिथल्या शिक्षकांना मदत करायला गेले. २००२ मध्ये सरकारने तो बंद केला, ते असो. पण सहावीच्या पोराला जो हक्क, तो बी.एस्सी.च्या मुलाला का नसावा? आता चौथ्या वर्षात संशोधन आले आहे, खिशातला फोनही लंबकाचे झोके मोजतो. वही मात्र तीच.

पुढच्या वर्षी मोखाड्याच्या एका मुलीने विचारले, राब भाजताना जमीन किती खोलवर तापते? विभागातले तापमापक ११० अंशांवर थांबत. नव्याच्या मागणी-अर्जात ‘प्रयोगाचे नाव’ असा रकाना होता. तिथे काय लिहावे, याचा आम्ही दोघे बराच वेळ विचार करीत बसलो.