दिवा तारेलाच जोडलेला हवा

वीज दिली तरी इंटेलच्या ८०८० ला काहीच ठाऊक नसतं. मेमरीत बिट जसे पडतील तसे पडलेले असतात. रिसेट केलं की प्रोसेसर शून्य पत्त्यावर जाऊन उभा राहतो आणि तिथे जे मिळेल ते हुकूम समजून पाळायला लागतो. पुढच्या काळातल्या यंत्रांत सुरुवातीच्या पत्त्यावर रॉम आली आणि ही अडचण कायमची मिटली. पण जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’च्या मुखपृष्ठावर झळकलेल्या, याच प्रोसेसरवर चालणाऱ्या अल्टेअर ८८०० कॉम्प्युटरमध्ये रॉम नव्हती. मूळ संचात मेमरी होती २५६ बाइट. अल्बुकर्कीच्या मिट्स कंपनीनं त्यासोबत दिलं होतं एक पॅनेल: पंचवीस टॉगल स्विच आणि छत्तीस एलईडी. जुन्या यंत्रांच्या प्रतिकृती जोडताना माझा सगळ्यात जास्त वेळ या पॅनेलवर जातो, आणि तिथेच मन सगळ्यात जास्त रमतं.

पॅनेलची युक्ती पाहण्यासारखी आहे. हवा तो पत्ता स्विचांवर मांडून ‘एक्झामिन’ दाबलं, की पॅनेल स्वतःच डेटा बसवर ऑक्टल ३०३ ठेवतं, म्हणजे ‘जंप’, आणि पाठोपाठ स्विचांवरचा पत्ता दोन हप्त्यांत देतं. प्रोसेसरला वाटतं हुकूम मेमरीतूनच आला. तो उडी मारतो आणि त्या पत्त्यावर थांबतो. ‘एक्झामिन नेक्स्ट’ला पॅनेल त्याच्यापुढे ‘काही करू नकोस’ ही सूचना टाकतं. तो खरोखरच काही करत नाही, पण एक घर पुढे सरकतो. आपल्याला तेवढंच हवं असतं. ‘डिपॉझिट’ मात्र स्विचांवरचा बाइट थेट मेमरीत उतरवतं. हे समजलं त्या दिवसापासून कॉम्प्युटरकडे बघण्याची माझी नजर बदलली.

मिट्सच्या पुस्तिकेतला बेरजेचा प्रोग्राम फक्त चौदा बाइटांचा आहे. २०० आणि २०१ या ऑक्टल पत्त्यांवरचे आकडे घ्यायचे, बेरीज २०२ वर ठेवायची आणि पुन्हा शून्यावर उडी. पहिला बाइट ०७२: खाली-खाली, वर-वर-वर, खाली-वर-खाली. स्विच तीन-तीनच्या गटात असल्यामुळे बोटांना ऑक्टलचा ठेका लवकर सापडतो. सगळं टाकून झालं की रिसेट, मग रन.

आता दिवे बघा. प्रोग्राम शून्य ते तेरा या पत्त्यांतच फिरतोय, म्हणून पत्त्याचे खालचे चार दिवे उजळलेले. ए-४, ए-५, ए-६ काळे. आणि ए-७ मंद, पण नक्की पेटलेला. कारण ऑक्टल २०० म्हणजे १२८, आणि आकडे आणायला-ठेवायला प्रोसेसर प्रत्येक फेरीत तीनदा तिकडे जातो. एका फेरीला ५८ क्लॉक लागतात. त्यांतल्या साधारण नऊ क्लॉकपुरता ए-७ चालू, म्हणजे जेमतेम सहावा हिस्सा. मेमरी वाट पाहायला लावत नसेल तर सेकंदाला सुमारे ३४ हजार फेऱ्या होतात. डोळ्याला त्या दिसत नाहीत, पण त्यांची सरासरी दिसते. ए-५ नुसता मिणमिणला तरी समजायचं: एखादा बाइट चुकलाय, नाहीतर पत्त्याच्या दोन तारा सोल्डरनं चिकटल्यात. ऑसिलोस्कोप काढायच्या आधीच पॅनेल बोट दाखवून मोकळं होतं.

मोठा प्रोग्राम कोणी हातानं टाकत नसे. विहिरीवरचा पंप सुरू करताना आधी थोडं पाणी भरावं लागतं, तसं पेपर टेप वाचता येण्यापुरते बाइट स्विचनं भरायचे. पुढचं टेप बघते. पॉल ॲलन बेसिक घेऊन अल्बुकर्कीला निघाला तेव्हा हा लोडर लिहायचाच राहिला होता. तो त्यानं विमानात बसून लिहिला. त्याआधीच्या पीडीपी-८ वर पत्ता ७७५६ पासून सोळा सूचनांचा रिम लोडर टाकत, तो टेपवरून बिन लोडर आणी आणि बिन लोडर हवा तो प्रोग्राम. तिथली मेमरी चुंबकीय कड्यांची, वीज गेली तरी न विसरणारी, त्यामुळे लोडर टिकून राहायचा. अल्टेअरला ते सुख नव्हतं. वायर उपटली की पुन्हा पहिल्यापासून.

आमच्या पिढीनं महाराष्ट्रातल्या पॉलिटेक्निकांत मशीन कोड टाकला तो ८०८५ च्या ट्रेनर किटवर: हेक्स कीपॅड, पत्त्याचे चार अंक, डेटाचे दोन. किट उत्तम होतं, शिकवून गेलं. पण तिथे कळ वाचणारा आणि अंक दाखवणारा असतो रॉममधला मॉनिटर प्रोग्राम. तो सांगेल तेच दिसतं. प्रोग्राम सुरू झाला की अनेक किटांवर नुसता ‘ई’ उमटतो आणि आत काय चाललंय ते कळायचा मार्ग बंद होतो. आम्ही उत्तर जर्नलात उतरवून सही घ्यायचो. बसवर काय धावतं, ते मला पॅनेलनं दाखवलं.

म्हणूनच प्रतिकृतीबद्दल माझा एकच आग्रह आहे: दिवा तारेलाच जोडलेला हवा. पीडीपी-८ ची पायडीपी ही प्रतिकृती आत रास्पबेरी पाय चालवते, तिथे खरी तार नाहीच. तरी ती मला मान्य आहे, कारण कुठला बिट किती वेळ चालू होता हे मोजून ती दिवा तेवढाच उजळते. जुन्या बल्बचं हळूहळू तापणं-निवणंसुद्धा दाखवते. शोभेसाठी वाटेल तसे लुकलुकणारे दिवे लावलेलं पॅनेल मी घरात ठेवणार नाही.

नव्यानं सुरुवात करणाऱ्याला मी आरसीएच्या १८०२ या प्रोसेसरकडे पाठवते. त्यावरच बांधलेला जोसेफ वायझबेकर यांचा कॉस्मॅक एल्फ, ऑगस्ट १९७६. या चिपमध्येच ‘लोड’ अवस्था आहे: आठ स्विच मांडा, बटण दाबा, बाइट मेमरीत जातो आणि पत्ता आपोआप पुढे सरकतो. रॉम नको, जंपची युक्तीही नको. पहिला बाइट हेक्स ७बी, दुसरा ००. ‘रन’ केलं की क्यू पिनवरचा एलईडी लागतो. रोजच्या वापरासाठी पुढे बूट रॉम जरूर लावा. फक्त तिच्या चिप-सिलेक्टवर एक जंपर ठेवा, म्हणजे तो काढला की शून्य पत्ता पुन्हा रॅमचा होईल आणि स्विच वापरता येतील.