दोन बोटांची गोष्ट

ऑझी ऑसबॉर्न २२ जुलै २०२५ ला गेला. बातम्यांमध्ये वटवाघळाचं डोकं चावल्याचा किस्सा पुन्हा फिरला. मला मात्र त्याचा गिटारवाला आठवत होता. टोनी आयोमी.

'ब्लॅक सॅबथ'ची चारही पोरं बर्मिंगहॅमच्या ॲस्टन भागातली. कामगार वस्ती. टोनी १७ वर्षांचा, पत्र्याच्या कारखान्यात वेल्डिंगला. बँडबरोबर जर्मनीला जायचं ठरलेलं, म्हणून नोकरीचा शेवटचा दिवस. दुपारी घरी जेवायला आला आणि म्हणाला, आता परत जात नाही. आई म्हणाली, जा, दिवस पुरा करून ये. त्या दिवशी प्रेसवरचा माणूस आला नव्हता, म्हणून याला तिथं उभं केलं. कधी न चालवलेलं मशीन. उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोकं गेली. आणि पोरगा डावखुरा! म्हणजे तारा दाबायचा नेमका तोच हात.

डॉक्टर म्हणाले, वाजवणं विसर. कारखान्यातला त्याचा साहेब मात्र घरी एक रेकॉर्ड घेऊन आला, जँगो राइनहार्टची. ज्याची दोन बोटं आगीत निकामी झाली, तरी वाजवत राहिला तो. मग टोनीनं भांडी घासायच्या लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली वितळवून बोटांना टोप्या केल्या, वरून जुन्या जॅकेटचं चामडं चिकटवलं. जाड तारा दाबवेनात म्हणून बेंजोच्या बारीक तारा लावल्या. पुढं तारा सैल सोडल्या, सूर खाली उतरवला. १९७१ च्या 'मास्टर ऑफ रिॲलिटी'त तो जडपणा ऐका, छातीत दणका बसतो.

१९७० च्या पहिल्या रेकॉर्डला समीक्षकांनी झोडपलं होतं. (आम्हा पत्रकारांची जातच तशी!) आज हेवी मेटल म्हणून जे काही वाजतं, ते त्या सैल तारांतून आलंय असं माझं मत. ५ जुलै २०२५ ला ॲस्टनच्याच व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम झाला, तेव्हा मेटालिका, स्लेअर, गन्स एन' रोझेस ही बडी मंडळी सॅबथची गाणी वाजवायला आली होती. ऑझीला पार्किन्सन्स, उभं राहवेना. खुर्चीत बसून गायला. सतरा दिवसांनी गेला.

लोक या आवाजाला सैतानी म्हणतात. मला तो कारखान्याचा वाटतो.

तसा आवाज आमच्या एमआयडीसीतही येतो. तीन वर्षांपूर्वी तिथं एका पोराची तीन बोटं प्रेसवर गेली. ठेकेदाराचा माणूस, कामावर येऊन आठवडा झालेला. प्रेसला सेन्सर होता का, हजेरीपटावर पोराचं नाव होतं का, कुणी शिकवलं होतं का, मी काहीच विचारलं नाही. चार ओळींची बातमी दिली अन् दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या सभेला गेलो. पोरगा वरातीत बेंजो वाजवायचा, हे महिनाभरानं टपरीवर चहा पिताना कळलं.

ते कात्रण अजून आहे माझ्याकडं. शेवटची ओळ अशी: जखमी कामगाराची प्रकृती स्थिर आहे.