सरोवराकाठचे मोकळे आकाश

शिकागो म्हटले की भारतीय मनाला प्रथम आठवतात ते स्वामी विवेकानंद. ११ सप्टेंबर १८९३ रोजी ज्या इमारतीत त्यांचे सर्वधर्म परिषदेतील गाजलेले भाषण झाले, तिथे आज शहराचे प्रसिद्ध कला संग्रहालय आहे. हे संग्रहालय ज्या उद्यानात उभे आहे, त्याचे नाव ग्रँट पार्क.

उद्यानाच्या एका बाजूला गगनचुंबी इमारतींची रांग, तर दुसऱ्या बाजूला अथांग मिशिगन सरोवर. पाणी गोडे, पण पलीकडचा काठ दिसत नसल्याने नवख्याला तो समुद्रच वाटतो. १८७१ च्या भीषण आगीत शहराचा मोठा भाग जळून खाक झाला. त्यातला बराचसा राडारोडा इथेच पाण्यात लोटला गेला आणि त्यावर पुढे ही हिरवळ फुलली.

ही जागा कायम मोकळी राहावी, असे १८३६ च्या नकाशावरच लिहिलेले होते. पण मोक्याच्या जमिनीवर कोणाचा डोळा नसतो? १८९० मध्ये टपालाने माल विकणारे व्यापारी माँटगोमेरी वॉर्ड यांना आपल्या कचेरीतून इथे कचऱ्याचे ढीग आणि मोडक्या झोपड्या दिसल्या. ते थेट न्यायालयात गेले. पुढे इथे मोठे वस्तुसंग्रहालय बांधण्याचा बेत निघाला, त्यालाही त्यांनी विरोध केला. वृत्तपत्रांनी त्यांना हट्टी ठरवले, प्रतिष्ठितांनी नाके मुरडली. ही गरिबांची श्वास घेण्याची जागा आहे, हेच त्यांचे म्हणणे होते. १९११ मध्ये शेवटचा निकालही त्यांच्याच बाजूने लागला. तब्बल २१ वर्षांचा हा लढा!

आज इथे १९२७ चे भव्य बकिंगहॅम कारंजे उन्हाळ्याच्या रात्री रंगीत दिव्यांत न्हाऊन निघते. जवळच, रेल्वे रुळांवर छत घालून २००४ मध्ये मिलेनियम पार्क साकारले. तिथे मुंबईत जन्मलेले शिल्पकार अनिश कपूर यांचे ‘क्लाउड गेट’ हे सुमारे १०० टन वजनाचे, आरशासारखे लखलखीत पोलादी शिल्प आहे. घेवड्याच्या दाण्यासारख्या आकारामुळे लोक त्याला लाडाने ‘बीन’ म्हणतात. त्याच्या कमानीखाली आपली वेडीवाकडी प्रतिबिंबे पाहून मुलांबरोबर आजी-आजोबाही खळखळून हसतात. त्यासाठी तिकीट लागत नाही.

या शिल्पात भोवतालच्या इमारती दिसतात, पण त्यांहून अधिक दिसते ते आकाश. एका हट्टी व्यापाऱ्याने शहरासाठी राखून ठेवलेले!