सुमित्राताईंकडे बघ

पुणे

प्रिय सोनू,


तुझं पत्र मिळालं. फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये प्रवेश झाला नाही, निर्माता भेटत नाही आणि तिशी उलटली म्हणजे आता उशीरच झाला, असं तू लिहितेस. ते वाचल्यापासून मला सारख्या सुमित्रा भावे आठवताहेत.

त्यांचा जन्म 1943चा, पुण्यातला. मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेत शिक्षण, काही काळ आकाशवाणीच्या दिल्ली केंद्रावरून मराठी बातम्या, मग समाजकार्याचं अध्यापन आणि संशोधन. सिनेमा शिकायला त्या कुठेही गेल्या नाहीत. वस्तीतल्या बायका स्वतःकडे कशा बघतात, याचा अभ्यास करताना त्यांना वाटलं, या बायकांनी सांगितलेलं सगळं अहवालात गेलं तर ते त्यांच्यापर्यंत परत कसं जाणार? त्या वाचणार कशा? त्यातून 1985 मध्ये ‘बाई’ हा लघुपट झाला. तेव्हा त्या 42 वर्षांच्या होत्या. त्या लघुपटाला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण मला मोलाचा वाटतो तो त्यामागचा हट्ट: जिच्याकडून घेतलं, तिला ते परत दिसलं पाहिजे.

पुढे सुनील सुकथनकर त्यांच्याबरोबर आले. ते फिल्म इन्स्टिट्यूटमधून शिकलेले. दोघांनी मिळून तीन दशकं सिनेमे केले. 1995चा ‘दोघी’, मग ‘दहावी फ’, ‘वास्तुपुरुष’, ‘देवराई’, ‘नितळ’, ‘एक कप च्या’, ‘संहिता’. सगळ्यांविषयी लिहीत नाही, तू ते पाहशीलच. एवढं मात्र लक्षात घे की प्रत्येक वेळी मागे कुणीतरी अडलेलं माणूस आहे. ‘देवराई’त स्किझोफ्रेनिया झालेला भाऊ आणि त्याला सांभाळणारी बहीण, ‘नितळ’मध्ये अंगावर कोड असलेली डॉक्टर मुलगी, ‘एक कप च्या’मध्ये विजेचं भलंमोठं बिल आलेला एसटीचा कंडक्टर, जो माहितीच्या अधिकाराचा अर्ज करायला शिकतो. असे विषय ऐकले की धंदेवाईक निर्माता उठून जातो. सुमित्राताईंना साथ मिळाली ती ज्यांना त्या विषयाची झळ ठाऊक होती, अशा माणसांची.

‘अस्तु’चंच घे. संस्कृतचे मोठे पंडित चक्रपाणी शास्त्री, आता स्मृतिभ्रंश झालेले. मुलीबरोबर बाहेर पडलेले असताना रस्त्यात हत्ती दिसतो आणि ते गाडीतून उतरून त्याच्यामागे निघून जातात. माहुताची बायको चेन्नम्मा कन्नड बोलणारी, गरीब. ती त्यांना लेकरासारखं खाऊपिऊ घालते आणि ते तिला आई म्हणायला लागतात. शिकलेली लेक वडिलांचं काय करायचं म्हणून खचलेली आहे, तिला वडील पूर्वीसारखे हवेत. चेन्नम्मेला त्यांचा भूतकाळच माहीत नाही, म्हणून ती समोरच्या माणसाला आहे तसं स्वीकारू शकते. हे सगळं सुमित्राताईंनी कुणाच्याही तोंडी भाषण न घालता दाखवलंय. लेकीला त्यांनी कुठेही दोषी ठरवलेलं नाही. तुझ्या आजोबांची शेवटची वर्षं आपण घरात काढली, म्हणून सांगते, हे फार खरं आहे. ‘अस्तु’साठी संवादांचा राष्ट्रीय पुरस्कार सुमित्राताईंना मिळाला आणि चेन्नम्मा करणाऱ्या अमृता सुभाषला सहायक अभिनेत्रीचा. शास्त्री झालेले डॉ. मोहन आगाशे स्वतः मनोविकारतज्ज्ञ. ते हा सिनेमा घेऊन ठिकठिकाणी गेले, खेळ संपला की लोकांशी बोलत बसले. असाही सिनेमा लोकांपर्यंत पोहोचतो, सोनू.

‘कासव’ नैराश्यातल्या मुलाचा, कोकण किनाऱ्यावर घडणारा. त्याला 2017 मध्ये सुवर्णकमळ मिळालं. त्यानंतरही त्या थांबल्या नाहीत. दि. बा. मोकाशींच्या कथेवरचा ‘दिठी’ त्यांनी एकटीने दिग्दर्शित केला. मुलगा पुरात गेलेला वारकरी लोहार, आणि अडलेली गाय सोडवायला त्याला आलेलं बोलावणं, एवढीच गोष्ट. मला तो त्यांचा सर्वांत मोठा सिनेमा वाटतो. 19 एप्रिल 2021 रोजी त्या गेल्या. ‘दिठी’ घराघरात पोहोचला तो त्यानंतर, मे महिन्यात.

आता तुझं. ऊसतोड बायकांवरची तुझी पटकथा वाचली. बायका बोलतात छान, पण त्या तुझ्यासारख्या बोलतात. पहाटे कोयता घेऊन फडात निघताना तान्ह्याला कुठे ठेवतात, उचल कुणाच्या हातात पडते, आजारपणाचा खाडा कुणाच्या हिशेबातून कापला जातो, हे त्यात कुठेच नाही. निर्मात्याची वाट बघणं तूर्त सोड. दिवाळीच्या सुमाराला टोळ्या कारखान्यांकडे येतील. एखाद्या टोळीजवळ जाऊन राहा, बायकांबरोबर मोळ्या बांध. कॅमेरा लगेच बाहेर काढू नकोस. जे लिहिशील ते आधी त्यांनाच वाचून दाखव आणि त्या म्हणतील तिथे खोड. तेवढ्या दिवसांच्या खर्चाचं मी बघते, आईला त्याबद्दल काही बोलू नकोस.

तुझी,
मावशी