राणीच्या बागेतली बाके

घरातल्या ज्येष्ठ माणसाला बाहेर न्यायचे म्हटले की आपल्याला बहुधा दोनच ठिकाणे आठवतात: देऊळ आणि दवाखाना. दोन्हीकडे जाण्याला काहीतरी कारण असते. विनाकारण, केवळ मन झाले म्हणून उंबरा ओलांडणे मात्र वय वाढते तसे सर्वांत आधी थांबते, आणि ते कधी थांबले हे घरातल्या कोणाच्या लक्षातही येत नाही. मुंबईत राहणाऱ्या किंवा मुंबईत मुलाबाळांकडे येणाऱ्या वाचकांना या लेखातून तिसरे एक ठिकाण सुचवावे असा विचार आहे. ते आपल्या परिचयाचेच आहे. भायखळ्याची राणीची बाग.

आपण ती शाळेच्या सहलीत पाहिली असेल, पुढे मुलांना दाखवली असेल, आणि अलीकडे नातवंडांच्या हट्टापायी पेंग्विन पाहण्याच्या रांगेतही उभे राहिला असाल. परंतु काठी टेकत चालणाऱ्या सोबत्याला घेऊन, प्राणी पाहण्याची घाई न ठेवता, झाडांसाठी आणि सावलीसाठी ती पाहिली नसेल, तर एकदा अवश्य पाहावी. ही बाग १८६२ साली सुरू झाली. व्हिक्टोरिया राणीचे नाव तिला होते, म्हणून लोकांच्या तोंडी ती राणीची बाग झाली. आता कागदोपत्री ती वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान आहे, पण टॅक्सीवाल्याला अजूनही जुनेच नाव सांगावे लागते. बुधवारी बाग बंद असते, एवढे ध्यानात ठेवले म्हणजे हेलपाटा वाचतो.

या बागेची आठवण मला माझ्या व्यवसायामुळे आणि वडिलांच्या आजारपणामुळे एकदमच झाली. मी फ्रीलान्स डिझायनर आहे. पुस्तकांची मुखपृष्ठे, निमंत्रणपत्रिका, औषधांच्या खोक्यांवरच्या मजकुराची मांडणी अशी कामे घरी बसून करते. घरी बसून काम करणाऱ्या माणसाविषयी आपल्याकडे एक ठाम समजूत आहे: ‘ती घरीच असते ना!’ त्यामुळे घरात कोणी आजारी पडले की शुश्रूषेचा भार सभा न भरवता, ठराव न मांडता त्याच माणसाकडे येतो. आपल्यापैकी अनेक वाचक, विशेषतः भगिनी, हे अनुभवाने जाणतात. काम सुटत नाही आणि माणूसही सोडवत नाही. दिवस दोन्हीकडून कुरतडला जातो आणि संध्याकाळी लक्षात येते की आपणही आज दाराबाहेर पडलो नाही.

माझे वडील अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. उमेदीची सगळी वर्षे त्यांनी छापखान्यात खिळे जुळवण्यात घालवली. उलटी अक्षरे सुलट्या अक्षरांइतक्याच वेगाने वाचणारे ते कंपोझिटर. न्हाणीघरात पाय घसरून त्यांच्या खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रिया झाली, हाड सांधले, व्यायाम शिकवणाऱ्या ताई येऊन गेल्या, आणि ‘आता मोकळेपणाने चाला’ असा निरोप देऊन डॉक्टरही मोकळे झाले. वडील मात्र घराच्या दारापाशी अडले. दुखणे फारसे उरले नव्हते. उरली होती ती पुन्हा पडण्याची भीती. ही भीती स्वतःच एक आजार असते. भीतीने चालणे कमी होते, चालणे कमी झाले की मांड्यांतले बळ आणि शरीराचा तोल घटतो, आणि तोल घटला की पडण्याचा धोका खरोखरच वाढतो. हे चक्र कोठेतरी तोडावे लागते, आणि ते घरातल्या पॅसेजमध्ये येरझाऱ्या घालून तुटत नाही, कारण पॅसेजच्या टोकाला पाहण्यासारखे काहीच नसते.

म्हणून राणीची बाग. आणि तेथे जाण्याची रीत अगदी साधी: अंतर मिनिटांत मोजायचे नाही, बाकांत मोजायचे. पहिल्या दिवशी एक बाक. तेथे बसायचे, श्वास खाली येऊ द्यायचा, समोरचे झाड पाहायचे आणि परतायचे. पुढच्या खेपेला दोन. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात पासष्टीपुढच्या मंडळींसाठीही आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम स्वरूपाची हालचाल सुचवली आहे, आणि आठवड्यातून तीन किंवा अधिक दिवस तोल व बळ वाढवणारे व्यायामही सांगितले आहेत. आकडा योग्यच आहे. परंतु खुब्यातून उठलेल्या माणसापुढे तो पहिल्याच दिवशी ठेवला तर तो हात जोडून खाटेवर जाऊन बसतो. ‘त्या पुढच्या बाकापर्यंत येता का?’ हा प्रश्न त्याला पेलतो.

बाक निवडताना थोडे चोखंदळ असावे. बैठक गुडघ्याच्या उंचीपेक्षा खाली असेल तर उठताना सगळा भार मांड्यांवर आणि खुब्यावर येतो. शस्त्रक्रिया झालेल्यांना अशी खोलगट बैठक डॉक्टर बहुधा वर्ज्यच सांगतात. पाठीला टेका असावा, आणि हात टेकायला दांडी असेल तर सोन्याहून पिवळे. बागेत शिरल्यावर आपण आधी चार पावले पुढे जाऊन असे बाक हेरून ठेवावे, सोबत्याला मागाहून न्यावे. काठी मनगटाच्या घडीइतकी उंच असावी आणि दुखऱ्या पायाच्या विरुद्ध बाजूच्या हातात असावी. पायरी आली तर चढताना बरा पाय आधी, उतरताना दुखरा आधी. आणि हात धरताना त्यांचा दंड आपण पकडू नये. आपले कोपर पुढे करावे, ते त्यांना धरू द्यावे. पकडलेल्या माणसाला आपण कैदी वाटतो. आधार स्वतः धरलेल्या माणसाची मान ताठ राहते.

एका गोष्टीचा उल्लेख संकोच बाजूला ठेवून करते. बाहेर जायचे म्हणून सकाळपासून पाणीच न पिण्याची सवय पुष्कळ ज्येष्ठांना असते. काही जण तर लघवीची गोळीही त्या दिवशी परस्पर टाळतात. मुंबईच्या उकाड्यात हे दोन्ही धोक्याचे. स्वच्छतागृह कोठे आहे हे दाराशीच विचारून घ्यावे, फेरी त्याच्या आसपास आखावी, आणि गोळीची वेळ बदलायची असेल तर ती डॉक्टरांना विचारून बदलावी. सकाळची वेळ उत्तम. पावसाळ्यात शेवाळ धरलेल्या फरशीवर जाण्यापेक्षा तो पंधरवडा सरळ चुकवावा.

आता बागेकडे वळू. आत शिरल्यावर जवळच डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालयाची इमारत आहे. हे संग्रहालय १८७२ साली लोकांसाठी खुले झाले. तेव्हा त्याला व्हिक्टोरिया आणि तिचे पती अल्बर्ट यांचे नाव होते. १९७५ साली त्याला ज्यांचे नाव दिले ते भाऊ दाजी लाड आपल्या पाक्षिकाच्या वाचकांना आपले वाटावेत असे गृहस्थ होते. गोव्याच्या भूमीत जन्मलेले, ग्रँट मेडिकल कॉलेजच्या पहिल्या तुकडीतले डॉक्टर, संस्कृतचे व्यासंगी, प्राचीन लेख वाचणारे, आणि कुष्ठरोगावर औषध शोधण्यासाठी झटणारे. रुग्ण तपासता तपासता ताम्रपट वाचणाऱ्या त्या डॉक्टरांना छंद आणि व्यवसाय यांच्यात भिंत घालावीशी वाटली नाही, हे मला फार भावते. संग्रहालय उघडे आहे का याची आधी चौकशी करावी. उघडे असेल तर तळमजला पुरे. जिन्याच्या वाटेस जाऊ नये. आणि भर उन्हातून आत शिरताना दाराशीच मिनिटभर थांबावे. मोतीबिंदू असलेल्या किंवा त्याची शस्त्रक्रिया झालेल्या डोळ्यांना उजेडातून सावलीत सरावायला वेळ लागतो, आणि नेमक्या त्या मिनिटात ठेच लागते. आत मातीच्या लहान लहान आकृत्यांतून जुन्या मुंबईचे लोक, त्यांचे वेष आणि धंदे मांडलेले आहेत. आपल्या ज्येष्ठांना तेथे विचारावे, ‘यातले काय काय तुम्ही प्रत्यक्ष पाहिले आहे?’ मग दुसऱ्या करमणुकीची गरज पडत नाही.

संग्रहालयाच्या बाहेर एक दगडी हत्ती उभा आहे. पोर्तुगीजांनी घारापुरी बेटाला एलिफंटा हे नाव दिले ते याच हत्तीवरून. १८६४ साली तो इंग्लंडला नेण्यासाठी उचलताना कोसळला आणि त्याचे तुकडे झाले. पुढे ते तुकडे या बागेत आणून ठेवले, आणि १९१४ साली ते सांधून हत्ती पुन्हा उभा केला. वडिलांना येथवर यायला बऱ्याच खेपा लागल्या. बाकावर बसून त्यांनी माझ्याकडून ही हकीकत ऐकून घेतली, मनातल्या मनात वजाबाकी केली, आणि म्हणाले, ‘पन्नास वर्षं जुळणी अडली म्हणायची. माझी सहा महिन्यांत झाली.’ पडल्यानंतर त्यांनी स्वतःच्या हाडाविषयी केलेला तो पहिला विनोद. त्या दिवशी परतताना त्यांनी माझे कोपर दोनदा सोडले.

हत्तीच्या पुढे खरी बाग सुरू होते. प्राणिसंग्रहालय म्हणून तिची ख्याती असली तरी मुळात ती वनस्पतींची बाग आहे, आणि दीडशे वर्षांहून अधिक काळ देशोदेशीची झाडे येथे वाढत आहेत. कैलासपतीची फुले फांद्यांना न येता थेट खोडावर येतात, त्यामुळे मान वर न करता पाहता येतात. मानेच्या दुखण्याने त्रासलेल्यांसाठी याहून सोयीचे झाड नाही! दक्षिण अमेरिकेतून आलेल्या या झाडाच्या फुलात आपल्या लोकांनी शिवलिंग आणि त्यावर फणा पाहिला, आणि ते आपलेच करून टाकले. आफ्रिकेतली गोरखचिंच आपल्या फुगीर बुंध्यात पाणी साठवते. उन्हाळ्याची तरतूद पोटातच बाळगणारे हे झाड पाण्याची बाटली घरी विसरणाऱ्यांना अवश्य दाखवावे. ब्रह्मदेशातून आलेली उर्वशी थंडी सरता सरता फुलते. लालसर फुलांचे तिचे झुंबर खाली लोंबते. आणि पर्जन्यवृक्षाची पाने दिवस कलला किंवा आभाळ भरून आले की मिटतात. बागेतून निघण्याची वेळ झाली हे घड्याळाआधी तेच सांगते.

वाचकहो, शुश्रूषा करणाऱ्यांसाठी येथे थोडे वेगळे सांगायचे आहे. आपण ज्येष्ठांना ‘फिरवून आणतो’ तेव्हा बहुधा स्वतः नुसते थांबलेले असतो. ते बसतात, आपण मोबाइल पाहतो किंवा घड्याळ. असे थांबणे फार थकवते, आणि आपल्या थकव्याची चाहूल त्यांना लगेच लागते. मग तेच म्हणतात, ‘चल, तुझं काम खोळंबलं असेल.’ यावर उपाय म्हणजे बाकावरच्या त्या दहा मिनिटांत आपलेही काहीतरी असावे. मी चित्रवही नेते. वडील विसावतात तेवढ्या वेळात समोरच्या झाडाचा बुंधा काढते. गिऱ्हाइकासाठी काढायचा नसल्यामुळे तो कोणाला मान्य करून घ्यावा लागत नाही. हे सुख फ्रीलान्स काम करणाऱ्यांनाच कळेल. आपल्याकडे विणकाम असेल, शब्दकोडे असेल, पाखरांची नावे ओळखण्याचा नाद असेल, तर तो घेऊन जावा. आपण रमलो आहोत असे दिसले की सोबतीचे माणूसही निश्चिंत बसते, आणि निश्चिंत बसलेले माणूस दोन बाके अधिक चालते.

वडिलांचा छंद त्यांच्या व्यवसायातूनच पुन्हा उगवला. टॅक्सीतून येताना ते दुकानांच्या पाट्या वाचतात आणि अक्षरांच्या खोड्या काढतात. कोठे ‘ळ’चे पोट बुजलेले, कोठे वेलांटी दांड्यापासून सुटलेली. घरी खाटेवर असताना हे डोळे भिंतीशिवाय काही पाहत नव्हते. मग आम्ही दोघांनी एक संकल्प केला: पंधरवड्याला एक झाड, वर्षाला चोवीस. चित्र मी काढते, नाव ते लिहितात, बोरूने, पिवळसर जाड कागदावर काळ्या शाईत, दोन बोटे उंचीच्या अक्षरांत. चकाकणारा कागद आणि फिकी शाई म्हाताऱ्या डोळ्यांना त्रास देतात, म्हणून ही निवड. आपणही औषधांच्या वेळा घरात लिहून लावता तेव्हा अशाच लावाव्यात. लिहिताना त्यांचा हात थरथरतो, त्यामुळे काना सरळ येत नाही. तो तसाच ठेवावा असे मी सुचवले. त्यांनी मानले नाही. जुळारी माणूस, वाकडी ओळ सहन करीत नाही. ते रोज सकाळी रद्दी कागदावर नुसते काने गिरवतात, एक पान पुरे.

आतापर्यंत अकरा झाडे झाली आहेत. बारावी उर्वशी. ती फाटकापासून आमच्या हिशेबाने सात बाके दूर आहे, आणि गेल्या खेपेला आम्ही पाचव्यापर्यंत पोहोचलो. तिचा बहर यायला अजून अवकाश आहे. वडिलांनी तिचे नाव मात्र आधीच लिहून ठेवले आहे, रेफासकट.