उंदरांनी घर बदललं तेव्हा

सध्या मी भेटेल त्याला आतड्यांबद्दल सांगत सुटलेय. जेवताना हा विषय काढायला घरात बंदी आलीये, पण करू काय? मावसभावाला क्रोन्स हा आतड्याचा आजार आहे. त्याची जाडजूड फाइल समजून घ्यावी म्हणून वाचायला बसले, आणि पोचले कुठे, तर १८९५ सालच्या ड्रेस्डेनमधल्या एका गाईपाशी!

गुरांना एक रोग होतो. खाणं चालू असतं, पण पातळ हगवण लागते आणि जनावर वाळत जातं. हाइनरिश योहने आणि फ्रॉथिंगहॅम यांनी त्या गाईचं सुजून जाड झालेलं आतडं सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं, तर आत टीबीच्या जंतूंसारखेच रंग धरणारे जंतू. आपले पशुवैद्यक याला जोन्स रोग म्हणतात. शेळ्या-मेंढ्यांनाही तो होतो.

आता १९१३. ग्लासगोचे सर्जन केनेडी डॅल्झील. त्यांच्या काही रोग्यांची आतडी अशी गुळगुळीत आणि टणक झालेली, की त्यांना मरून ताठलेली वाम आठवली. (कोकणातल्या वाचकांना हे लगेच दिसेल.) आणि या माणसाने चक्क लिहून ठेवलं, की हे गुरांच्या त्या रोगासारखंच दिसतंय, कदाचित तोच असेल! फक्त जंतू काही सापडले नाहीत. मग १९३२ मध्ये न्यूयॉर्कच्या माउंट सिनाय हॉस्पिटलमधल्या क्रोन, गिन्झबर्ग आणि ओपनहायमर यांचा लेख आला. नावं वर्णानुक्रमे छापलेली, म्हणून आजार क्रोनच्या नावावर. बिचारे डॅल्झील!

भावाच्या फाइलीतलं एक पान मला इथे उमगलं. त्याला आधी एकेटी, म्हणजे टीबीच्या गोळ्या, का सुरू केल्या होत्या? तर आतड्याचा टीबी आणि क्रोन्स दोन्ही लहान आतडं मोठ्या आतड्याला मिळतं त्याच जागी बसतात, दोन्हीत गाठी, दोन्हीत व्रण. आपल्याकडे टीबी एवढा, की भल्याभल्या डॉक्टरांना हा पेच पडतो.

१९८४ मध्ये चिओडिनी यांनी क्रोन्सच्या रोग्यांच्या आतड्यातून तो गुरांचा जंतू वाढवून दाखवला. इतका मंद, की वाढायला महिनेच्या महिने. मी खुर्चीतून उठलेच! मग द्या की अँटिबायोटिक आणि मिटवा! तर ऑस्ट्रेलियात तेही करून झालंय. २१३ रोगी, दोन वर्षं औषधं, निकाल २००७ मध्ये. सोळा आठवड्यांना औषधं घेणाऱ्यांत बरं वाटलेल्यांची संख्या इतरांपेक्षा जास्त होती, पुढे तो फायदा टिकला नाही. मी खट्टू.

आणि मग सेंट लुइसचे उंदीर भेटले. यासाठीच हा सगळा खटाटोप!

क्रोन्सशी नातं असलेलं एक जनुक आहे, एटीजी१६एल१. पेशीतला कचरा पेशीतच निस्तरण्याच्या कामात त्याचा हात असतो. ते अधू केलेल्या उंदरांच्या लहान आतड्यात जंतुनाशक कण बनवणाऱ्या पेशी बिघडलेल्या दिसल्या. जनुकाचा सदोष प्रकार असलेल्या क्रोन्सच्या रोग्यांतही तसाच बिघाड. झालं, जनुकाचा दोष! पण याच उंदरांचा वंश जास्त स्वच्छ प्राणिगृहात वाढवला आणि पेशी ठणठणीत! जनुक तेच, अधूच. मग फरक कशाचा? जुन्या घरात उंदरांचा नोरोव्हायरस होता, नव्या घरात नव्हता. तो मुद्दाम दिला, बिघाड परत हजर. धडधाकट जनुकाच्या उंदरांना दिला, काही नाही. शरीरात फार न टिकणारा त्याचाच भाऊबंद दिला, तरी काही नाही!

अजून आहे. या उंदरांच्या आतड्याला रसायनाने इजा केली, तेव्हा क्रोन्ससारखी लक्षणं उमटली. पण अँटिबायोटिक देऊन आतड्यातले नेहमीचे जंतू हटवले की ती टळतात, आणि टीएनएफ हा दाह पेटवणारा रेणू अडवला तरी टळतात. म्हणजे जनुक हवं, व्हायरस हवा, इजा हवी, आतड्यातले एरवीचे निरुपद्रवी रहिवासीही हवेत. २०१० चा हा शोधनिबंध मी पुन्हा पुन्हा वाचतेय. शंभर वर्षं लोक एका गुन्हेगाराचा माग काढत होते आणि इथे तर अख्खी टोळी!

भावाला सलाइनमधून इन्फ्लिक्झिमॅब देतात, तेही टीएनएफच अडवणारं. त्याने दडून बसलेला टीबी उठू शकतो, म्हणून आधी टीबीची तपासणी. या औषधाने जंतूंविरुद्धचा पहारा सैल होतो आणि आतडं मात्र शांत होतं! भाऊ म्हणाला, “ताई, मग मी नोरोव्हायरसची टेस्ट करू का?” नको रे बाबा, ती उंदरांची गोष्ट. माणसात ही टोळी नेमकी कोणाकोणाची, ते अजून ठरायचंय. मनाने अँटिबायोटिक तर मुळीच घेऊ नकोस.

अरे हो, फ्रान्समधल्या क्लेरमाँ-फेराँच्या ई. कोलायचं सांगायचं राहिलंच! आर्लेट दारफेय-मिशो यांनी क्रोन्सच्या रोग्यांच्या आतड्यातून शोधलेला हा जंतू. अस्तराला चिकटतो, आत घुसतो, आणि त्याला गिळून मारायला जी पेशी येते ना, तिच्याच पोटात राहून पिल्लावळ वाढवतो!